लवंगतेलाची खळ

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या संग्रहालयात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या माघारी मला 'मिरची' म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच त्या दिवशी बंदरावरच्या गोदामात अख्खा चहा संपेपर्यंत माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, तेव्हा कस्टमचे साहेब घाबरले. त्यांना वाटलं बाईंना चक्कर आली. त्यांनी टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला आणि एका माणसाला पाणी आणायला पिटाळलं. चक्कर कसली डोंबलाची! मी समोरच्या पांढऱ्याफटक पुतळ्याकडे बघत होते, आणि त्याच्या अंगाला माझ्या माहेरचा वास येत होता.

झालं असं. सकाळी मी नुकती कुठे आमच्या दुरुस्तीच्या खोलीत येऊन एप्रन बांधत होते, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. फुटकं जोडायचं, मळकं धुवायचं आणि खोटं ओळखायचं, ही आमच्या खोलीची कामं. त्यातल्या शेवटच्या कामासाठी कस्टमवाले बोलावतात. हे साहेब तसे सज्जन, पण भारी संशयी. घरून आलेल्या डब्याचं झाकणसुद्धा आधी वास घेऊन मग उघडतील.

"बाई, बागेत ठेवायच्या पुतळ्यांची खोकी आहेत. बोटीने परदेशी चाललीत," ते म्हणाले. "सगळं अगदी रीतसर आहे हो. म्हणूनच मला चैन पडत नाही."

गोदामात पत्र्याखाली लाकडी खोकी उघडून ठेवली होती. त्यांत राजहंस होते, सिंह होते, गुबगुबीत पोरं होती, पंखवाल्या पऱ्या होत्या. सगळ्यांना एकच पांढरा ऑइलपेंट, जसं काही एकाच हौदात बुचकळून काढलेत. आणि त्यांच्यात एक बाई उभी होती. माझ्या कमरेइतकी उंच, मान जराशी कलती, उजव्या हातात एक लहानसा घडा तिरका धरलेला, पाणी ओतत असल्यासारखा. बाकीचे पुतळे दोघादोघांनी उचलले, हिला चार माणसं लागली, एवढ्यावरून साहेबांच्या मनात पाल चुकचुकली होती.

पुतळे पाठवणाऱ्या कंपनीचा एजंट तिथेच उभा होता, तेल लावलेल्या केसांचा, गोड हसणारा. "मॅडम, नक्कल आहे हो. जुन्या मूर्तीवरून काढलेली. सिमेंट जरा जास्त पडलं असेल आतून."

"जरा जास्त?" मी म्हटलं. "तुमच्या डोक्यात पडलं असेल जास्त." तो हसला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

नक्कल! ह्या शब्दानेच मला हल्ली पित्त होतं. एक काळ असा होता की बडे लोक आमच्याकडच्या मूर्ती उघड घेऊन जायचे, वर त्यांना निरोपाचा हार घातला जायचा. मग कायदा आला, तसे चोर लपवायला शिकले. धान्याच्या पोत्यात, पोकळ ओंडक्यात, गाद्यांच्या कापसात, एकदा तर चक्क शवपेटीत एक पितळी घोडा सापडला होता. मग आरपार बघणारी यंत्रं आली, तसे चोर आणखी शहाणे झाले. आता ते लपवतच नाहीत. पूर्वी नक्कल अस्सल म्हणून विकायचे, आता अस्सल माल नक्कल म्हणून आपल्या नाकासमोरून जातो. अंगावर सिमेंट थापायचं, रंग फासायचा, बागेतला पुतळा म्हणायचं. तिकडे पोचला की सगळं खरवडायचं आणि कुणा म्हाताऱ्याच्या माळ्यावर सापडला म्हणून काचेच्या कपाटात मांडायचा. आपण पत्र लिहिलं की ते नम्रपणे विचारतात, तुमचाच होता ह्याला पुरावा काय? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

ह्या बाईचा मात्र पुरावा होता, आणि तो मी रोज बघत होते. आमच्या खोलीबाहेर एक भिंत आहे. चोरीला गेलेल्या वस्तूंचे जे काही फोटो मिळाले ते आम्ही तिथे लावतो. त्यातला एक फोटो शाळेच्या सहलीचा आहे. गावाबाहेरचा झरा, झऱ्यावर दगडाची घडेवाली बाई, आणि तिच्याभोवती दात काढून हसणारी पोरं. एका कार्ट्याने आपली टोपी तिच्या डोक्यावर घातली आहे. फोटो काढणारे त्या शाळेचे मास्तर. बाई चोरीला गेल्यापासून ते मधूनमधून येतात, बाकावर टेकतात आणि विचारतात, "काही कळलं का?" मी सरकारी माणसाने म्हणायचं तेच म्हणते, तपास चालू आहे. गेल्या खेपेला ते म्हणाले, "मुलं अजून त्या रिकाम्या चौथऱ्यावर पाय ठेवत नाहीत हो. वळसा घालून पाणी भरतात." मास्तर गेल्यावर मी खोलीतल्या सगळ्यांवर विनाकारण खेकसले होते.

तर ती कलती मान मी रंगाखालूनही ओळखली. खात्री हवी म्हणून आडवी करवून तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी पातळ सुरीने खरवडलं. वरचा रंग निघाला, खाली प्लास्टर लागलं. आता ह्या चोरांची रीत मला पाठ आहे. ते दगडावर थेट सिमेंट थापतात. मग तिकडे ते खरवडताना दगडाची कातडी सोलून निघते. परत आलेला एक चेहरा मी पाहिला आहे, त्याला नाक नाही, ओठ नाहीत, काही नाही. इथेही तसंच असणार म्हणून मी जीव मुठीत धरून सुरी पुढे सारली, आणि प्लास्टरखाली कागद लागला.

पातळ, मऊ कागद. लहान लहान तुकडे, एकावर एक चढवलेले, विटा रचतात तसे. आणि तुकड्यांच्या कडा कापलेल्या नव्हत्या, फाडलेल्या होत्या. मी बोटाने पाणी लावून एक तुकडा सोडवला आणि नाकाशी नेला. गव्हाच्या पिठाची खळ, आणि त्यात लवंगेचं तेल.

कापलेल्या कागदाची कड टोचते, दगडावर रेघ उठते. फाडलेली कड मऊ असते, ती बसते आणि निघतेही. हे माझ्या वडिलांचं म्हणणं. ते आमच्याच संग्रहालयात, आमच्याच खोलीत, जन्मभर फुटकं जोडत आले. "जे काढता येणार नाही, ते लावायचं नाही," हा त्यांचा एकच कायदा. खळीला कीड लागू नये म्हणून त्यात लवंगतेल घालायची युक्ती त्यांनीच काढली. बाकी ठिकाणी कसलीकसली औषधं घालतात. लवंगतेल घालणारी, कागद फाडून विटांसारखे लावणारी माणसं मी आयुष्यात तीनच पाहिली. एक बाबा, ते आता नाहीत. एक मी.

आणि एक दादा.

म्हणून मी गप्प बसले होते. चहा संपला तरी कप हातात धरून बसले होते.

"काय बाई," साहेबांनी हळूच विचारलं, "दगड की सिमेंट?"

"साहेब, माझ्या आईची तब्येत जरा बरी नाही," मी म्हटलं. धडधडीत थाप. आई ठणठणीत आहे, आम्हा सगळ्यांना पोचवून जाईल. "माझं लक्ष लागत नाहीये. थोडं सामान घेऊन येते. तोवर हिला कोणी बोट लावायचं नाही."

"लवकर या. तो एजंट वर फोन करायला गेलाय. दुपारी वरून हुकूम आला की मला खोकं बंद करावं लागेल. नुसतं तुमचं म्हणणं नाही पुरायचं. मला डोळ्यांनी दगड दिसला पाहिजे."

रिक्षात बसून मी दादाला मनातल्या मनात एवढ्या शिव्या दिल्या की त्या इथे सांगत नाही. दादा माझ्यापेक्षा मोठा, माझ्यापेक्षा शांत, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला कारागीर. बाबांच्या मागे ती खोली त्याचीच व्हायची. पण एका वर्षी संग्रहालयाच्या कोठीचं छप्पर गळलं आणि बाबांनी जोडलेल्या लाकडी मूर्ती पाण्यात सडल्या. दादाने वरपर्यंत तक्रार केली. चौकशी झाली, कोणाचं काही वाकडं झालं नाही, ज्यांच्या ताब्यात कोठी होती त्यांना बढती मिळाली. दादाने त्याच दिवशी एप्रन काढून खुंटीला टांगला. तेव्हापासून तो घराच्या मागच्या अंगणात बागेतले पुतळे बनवतो. राजहंस, सिंह, गुबगुबीत पोरं. राजहंस बघूनच मला कळायला हवं होतं. पण आपल्या माणसावर आपण असला संशय घेतो होय?

दार वहिनीने उघडलं. "अगंबाई! आज इकडे कशी वाट चुकलात?"

"दादा कुठे आहे?"

माझा चेहरा बघून ती बाजूला झाली. मी तडक मागे गेले. दादा बादलीत प्लास्टर कालवत होता. मी एप्रनच्या खिशातून तो कागदाचा तुकडा काढला आणि त्याच्यासमोर फळीवर ठेवला. त्याने बघितलं. मला वाटलं, आता हा म्हणेल हे काय आहे, कुठून आणलंस. नाटक करेल, मग मी त्याच्या मुस्काटात देईन.

"ओला आहे," तो म्हणाला. "पाणी लावलंस?"

तिथल्या एका सिंहावर मी बसले.

"दादा, तू? अरे कुंपणानेच शेत खायचं?"

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "टेम्पोतून आणून उतरवली. मी पहिल्या वेळी विचारलं होतं, कुठली आहे म्हणून. आणणारे म्हणाले, विचारायचं नसतं."

"पहिल्या वेळी? म्हणजे आणखी गेल्यात?"

तो परत हात पुसू लागला. माझ्या डोळ्यांसमोर ती फोटोंची भिंत आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सगळ्या जगाला पत्रं लिहीत बसले होते, आणि ह्या अंगणात, जिथे मी लहानपणी दोरीवरच्या उड्या मारल्या, तिथे त्यांना रंग फासला जात होता.

"ओरडू नकोस, आई आत आहे," तो म्हणाला.

"ओरडेन! ओरडेन नाहीतर काय करू?"

"तुझ्या कोठीत काय झालं त्या मूर्तींचं, सांग ना. सडल्या. कुणी विचारलं? तिकडे निदान काचेत ठेवतात, हवा लागू देत नाहीत, बघायला रांगा लागतात. झऱ्यावर तिला काय मिळत होतं? कावळ्यांची शिट!"

"अरे वा! म्हणजे शेजारणीचं पोर शेंबडं आहे, मी जास्त स्वच्छ ठेवीन, म्हणून उचलून आणायचं का? त्या मास्तरांना सांग हे येऊन. ती पोरं अजून तिच्या चौथऱ्याला वळसा घालून जातात."

हे ऐकून तो खाली बसला. बादलीतलं प्लास्टर आवळत चाललं होतं, त्याने तिकडे बघितलंही नाही. दादाने कालवलेलं प्लास्टर वाया घालवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"मला म्हणाले होते, सरळ सिमेंट थापा, वेळ घालवू नका," तो म्हणाला. "मी सिमेंट हातात घेतलं, चिमे. तिच्या गालावर लावायला गेलो. हातच धजेना. मग कागद फाडत बसलो."

चिमी हे माझं घरातलं नाव. आता मला ह्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं उरलीत.

"थापलं असतंस तर आज सुटला असतास, गाढवा. मी दगड म्हटलं असतं आणि चोर कोण ते देवाला ठाऊक, असं म्हणून घरी गेले असते."

"ठाऊक आहे मला."

"जित्याची खोड!" मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. रागाने फुटलं. मला तसंच रडू येतं.

आतून आईचा आवाज आला. "भांडताय का रे? लहान असताना बाबांच्या सुरीवरून भांडायचात, आता कशावरून?" आईला पायांमुळे उठवत नाही, पण कान तिखट आहेत.

"नाही गं आई," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

दादा माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सिमेंट आहे म्हण. एकदाच. त्यांना सांगतो की ह्यापुढे माझ्याकडे काही आणू नका. मी आत गेलो तर आईला कोण उचलून बसवेल? तुझ्या वहिनीच्याने होत नाही. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस. बघ तिच्याकडे."

मी बघितलं. दारातून तिचे पाय तेवढे दिसत होते, लोकरीचे मोजे घातलेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं म्हणतात ना, ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. एका बाजूला ती दगडाची बाई, दुसऱ्या बाजूला हे मोजे.

"ऐक," मी म्हटलं. "ती दगडाची आहे आणि मी दगडच म्हणणार. त्यात तडजोड नाही. ती बोटीवर चढणार नाही. पण हे हात कोणाचे, ते मी सांगणार नाही. विचारलं तर ठाऊक नाही म्हणेन. तू आजपासून मुका. यायचं नाहीस, फोन करायचा नाहीस, कुणाशी एक अक्षर बोलायचं नाहीस."

बोलताना माझी मलाच किळस आली. कारण आधी गेलेल्या मूर्ती कुठल्या, कोणी आणल्या, कुठे गेल्या, हे दादा सोडून कोण सांगणार होतं? तो मुका झाला की ती भिंत जन्मभर तशीच राहणार होती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी मऊ ब्रश आणि स्पंज पिशवीत कोंबले आणि निघाले.

"जेवून जा गं," आई म्हणाली.

"नंतर येते."

दादा फाटकापर्यंत मागे आला. "चिमे, थांब. एक ऐक, तिच्या त्या—"

"एक शब्द नको! एक शब्द जरी बोललास ना दादा, तर आत्ता जाऊन सगळं ओकेन." मी फाटक एवढं जोरात आपटलं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तो काय सांगणार होता ते मी ऐकलं नाही. माझा हा स्वभाव. बाबा म्हणायचे, हिचे हात हलके पण दारं हिच्या हातून फुटतात.

गोदामात साहेब फेऱ्या मारत होते. "वरून एकदा विचारणा झाली, बाई. अजून हुकूम नाही. काय ते आत्ता."

"दगड आहे, साहेब," मी म्हटलं. "ही चोरीची मूर्ती आहे. दाखवते तुम्हाला."

एरवी असलं काम आम्ही दिवसभर करतो. गार पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे लावायचे आणि खळ आपणहून सुटायची वाट बघायची. पण वाट बघायला वेळ कुठे होता? मी नाक्यावरच्या चहावाल्याकडून पातेलंभर गरम पाणी मागवलं. गरम पाण्याने खळ पटकन सुटते. बाईला उभी केली, खाली सिमेंटची फरशी तेवढी होती. रंगाला उभ्या चिरा पाडल्या, स्पंज बुडवला आणि खांद्यापासून सुरुवात केली.

थोड्या वेळाने मी प्लास्टरची कड नखाने उचलली, आणि खांद्यावरचा अख्खा पापुद्रा कागदासकट माझ्या हातात आला. जड ओली शाल उतरावी तसा. खाली दगड. काळसर, गुळगुळीत, खांद्यावर वस्त्राची एक बारीक चुणी, तिला केसभर ओरखडा नाही. हमाल पुढे सरकले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी गालावरचा तुकडा काढला, आणि सहलीच्या फोटोतली ती बाई आमच्याकडे बघू लागली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं हे आलं की काय काम केलंय दादाने! बाबा असते तर काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला असता.

"चोर मोठा हळुवार दिसतो," साहेब म्हणाले. "मी आजवर असली मूर्ती सोलूनच निघालेली बघितली. हे कोणाचं काम असेल, बाई? अशी किती माणसं असतील?"

"काय माहीत," मी म्हटलं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत कामाच्या बाबतीत, दगडासमोर उभी राहून, मी पहिल्यांदा खोटं बोलले. मी मान खाली घातली आणि स्पंज उजव्या हाताकडे नेला.

टेबलावर माझा फोन वाजला. वाजून थांबला. परत वाजला. माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा साहेबांनी वाकून बघितलं. "दादा म्हणून येतंय. तुमचे भाऊ?"

"राहू द्या. मग बोलते."

"अहो, तुमच्या आईंना बरं नाही ना? तीनदा फोन आलाय. काही कमीजास्त असेल."

"साहेब, राहू द्या म्हणते ना!"

"बाई, कामं होत राहतात, आई एकच असते," असं म्हणून त्या भल्या माणसाने स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"चिमे! गरम पाणी घेतलंस का?" दादा धापा टाकत होता. "घेतलंच असशील, तुला धीर कुठला!"

"दादा, फोन ठेव."

"ठेवतो, पण आधी ऐक! उजवं मनगट! ते तुटूनच आलं होतं त्यांच्याकडून. मी सरसाने चिकटवलंय. गरम पाण्याने सरस सुटेल, हात घड्यासकट खाली येईल. खाली काय आहे? फरशी आहे का? आधी हात लाव, खालून हात लाव!"

माझ्या तोंडून शिवी येणार होती. पण हात तोंडापेक्षा शहाणे निघाले. स्पंज टाकून मी दोन्ही तळवे घड्याखाली धरले, आणि त्याच क्षणी मनगटावरचं प्लास्टर आपोआप सरकलं. आतून काहीतरी निसटल्यासारखं झालं. मग तिचा हात, बोटांत घडा धरलेला, हळूच माझ्या ओंजळीत उतरला.

"धरलंस?"

"धरलं."

"घड्याची कड? ती पातळ आहे फार."

"शाबूत आहे."

"हुश्श," दादा म्हणाला. लहानपणी बाबांनी काही अवघड काम पार पाडलं की तो असंच म्हणायचा.

साहेबांनी फोनकडे बघितलं, बाईच्या उघड्या खांद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या संशयी चेहऱ्यावर आता संशय नव्हता, खात्री होती. मला संशयच हवा होता. हमालसुद्धा सगळं समजून इकडेतिकडे बघू लागले.

"कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू.

"दादा, ठेव! फोन ठेव, तुला आईची शपथ आहे, ठेव!" मी किंचाळले. माझे हात अडकलेले होते, नाहीतर मी तो फोन हिसकावून पाण्याच्या पातेल्यात बुडवला असता. साहेबांनी फोन मागे घेतला नाही आणि बंदही केला नाही. पलीकडून दादाचा श्वास ऐकू येत होता. त्याच्यामागून आई विचारत होती, "कोणाशी बोलतोयस रे एवढं?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"साहेब," तो म्हणाला, "सगळं सांगतो. कोणी आणली ते, आणि आधीच्या कुठे गेल्या तेही. पण आधी ते पाणी गार करायला सांगा. तिच्या डाव्या कानाला चीर आहे. गरम लागलं तर ती वाढेल."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला. मला वाटलं आता हे खिशातून पेन काढतील. त्यांनी पातेलं उचललं, कोपऱ्यातल्या नळाखाली नेलं, गरम पाणी ओतून टाकलं आणि नळ सोडला. पातेलं भरेपर्यंत ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या ओंजळीत तिचा हात होता, त्यामुळे मला डोळे पुसता येत नव्हते.

"झालं का गार?" दादाने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

मग त्याने आमच्या घराचा पत्ता सांगितला.